तोतारामचं एक मत

ती. सौ. अक्का यांस,

पाचोऱ्याहून रविंद्रचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण घरात खरी सत्ता त्यांचीच आहे. दाजींना साखर सांभाळायला सांग. (ऐकणार नाहीत, तरी सांग.)

पालिकेच्या निकालाचं वर्तमान असं, की आमच्या वॉर्डात जीवरामआबा एका मताने पडले आणि वनानाना तेवढ्यानेच नगरसेवक झाले. तिसरा उमेदवार कपबशी निशाणीवाला तोताराम. त्याला मत पडलं एक. तो राहतो पलीकडच्या वॉर्डात, म्हणजे ते स्वतःचंही नाही. त्याच्या सूचकाने तर देवाची शपथ घेऊन सांगितलं की मत आपलं नाही. तेच आबांना पडलं असतं तर बरोबरी होऊन चिठ्ठी निघाली असती, म्हणून आठ दिवस सगळा वॉर्ड त्या गुन्हेगाराला शोधत होता. (मतदान गुप्त असतं, आमच्या गल्लीत नसतं.) चक्कीवाला उखर्डू एकेकाचं तोंड निरखून बघत होता. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. शिल्पा वारली, लेक वृषाली पुण्याला नोकरीला गेली, तेव्हापासून मी संशय घेण्याइतकाही उरलो नव्हतो. तेव्हा पीठ घेता घेता सांगून टाकलं, ते मत माझं.

अक्का, दारावर अशी वर्दळ शिल्पाच्या तेराव्यालाही नव्हती. आबांची माणसं तावातावाने आली, बसली, पाणी प्यायली, भांडली. आबा स्वतः पाऊण तास ओट्यावर होते. "रविंद्र, तुन्हं काय बिघाडं व्हतं आम्ही?" एवढंच म्हणाले आणि खाकरत राहिले. दोन वर्षांत मला नावाने कुणी हाक मारली नव्हती. वनानानांनी चोरून पेढे पाठवले. चार दिवसांत सगळे दमले. आता कुणी भांडायलाही येत नाही.

तोताराम मात्र रोज संध्याकाळी येतो. माझं बोट हातात धरून शाई बघतो आणि म्हणतो, "एकच मत शे भाऊ, पन मन्हं शे." मग दुसरी कपबशी काढावी लागते. दोन वर्षं ती फडताळात पालथी होती.

तुझा,
रविंद्र

ता. क. मतदानाच्या दिवशी मी धुळ्यात तुझ्याकडे भरीत खात होतो, हे कुणी विचारलं तर विसरायचं. विचारणार नाहीत म्हणा. मी इथे नव्हतो, हे इथे कुणाच्या लक्षातच आलेलं नाही.

ता. क. २. वृषाली टाकून गेलेल्या मार्करने मी ती शाई रोज सकाळी गिरवतो. तो संपत आलाय, आणि इथलं दुकान उखर्डूच्या मेव्हण्याचं. जाड टोकाचा काळा मार्कर एस.टी.ने आजच पाठव. काल तोतारामने बोट दिव्याजवळ नेऊन बघितलं.