आज एक वाढला

प्रिय ठोंब्या,

तुझ्या बायकोसमोर या नावानं हाक मारणार नाही असं मी कबूल केलं होतं, पण हे पत्र तू एकट्यानंच वाचायचं आहे. परवा फोनवर तू एवढा बोललास आणि मी नुसतं हं हं करत राहिले, त्याचा तुला राग आला असणार. काय करू? बाबांची खाट आता पुढच्या खोलीत आणली आहे, आणि पोटात अन्न ठरत नसलं तरी त्यांचे कान अजून शाबूत आहेत. म्हणून जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये बसून लिहितेय. डबा तसाच आहे. तू विचारलंस, “आई, तू स्वतः शास्त्रज्ञ असून बाबांना उपचार सोडून पाल्याचा काढा कसा पिऊ देतेस?” सांगते, पण मुळापासून सांगावं लागेल.

या काढ्याचं मूळ म्हणजे माझा एक जुना पेपर, तू रांगत होतास तेव्हा लिहिलेला. कुंपणाला आपोआप उगवणारं ते काटेरी झुडूप, त्याच्या पानांचा अर्क तेलात घातला की तेल उशिरा खवट होतं, पानांतल्या अँटिऑक्सिडंटमुळे. संपलं. तेलही बाटलीतलं. माणूस राहू दे, उंदरालासुद्धा तो अर्क कधी पाजला नव्हता, आणि तसं मी शेवटच्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं. पण शेवटपर्यंत वाचतो कोण? एकानं लिहिलं, ही पानं पेशींचं रक्षण करतात, आणि पुढे माझा दाखला दिला. दुसऱ्यानं त्याचं वाचून लिहिलं, गाठी विरघळवतात, आणि पुन्हा दाखला माझाच. असे आता दोन हजारांवर दाखले झालेत. आमचे विभागप्रमुख प्रत्येक समारंभात तो आकडा सांगतात आणि मी खुर्चीत चुळबुळ करत बसते. मी दोनदा खुलासाही छापला. त्या खुलाशाचा दाखला आजवर एकानंही दिलेला नाही.

बाबांसाठी मात्र तो आकडा म्हणजे मॅचचा स्कोअर. सकाळी चहाच्या आधी फोनवर बघायचे आणि मला आत ओरडून सांगायचे, “आज एक वाढला गं.” जन्मभर त्या माणसानं लोकांचे प्रबंध बांधले. माझाही त्यांनीच बांधला, पाठीवरची सोनेरी अक्षरं जरा तिरकी आली म्हणून पुन्हा पुन्हा माफी मागायला येत राहिले, आणि तिथूनच आपलं घर सुरू झालं. छापून, शिवून, पुठ्ठ्यात बसवलेली गोष्ट चुकीची असू शकते हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. पोटातली गाठ सापडली तेव्हा मी त्यांना समजावलं, की अहो, हे तेलाचं आहे, पोटाचं नाही. ते हसले. म्हणाले, “तू कायमच स्वतःला कमी लेखत आलीस. दोन हजार शिकलेली माणसं काय उगाच तुझं नाव घेतात?” या पेपरावरून मी किती जणांशी वाद घातला, पण घरातल्या या एका माणसापुढे हात टेकले.

मागच्या आठवड्यात पुन्हा एक वाढला. त्यांनी उशीवरून मान उचलून सांगितलं, आणि बऱ्याच दिवसांनी आवाजात जोर होता. मी इथे येऊन तो नवा पेपर वाचला. कुठल्याशा दूरच्या प्रयोगशाळेतल्या मुलांनी माझा प्रयोग नव्या यंत्रांवर पुन्हा केलाय. मन लावून केलाय, मला त्यात खोट काढता आली नाही. ती पानं तेलसुद्धा टिकवत नाहीत, ठोंब्या. आमच्या जुन्या चाचणीत पानांचा रंग मध्ये येत होता आणि आम्ही त्यालाच गुण समजलो. त्या सगळ्या पसाऱ्यात एवढंसं तरी खरं आहे, असं मी इतकी वर्षं धरून बसले होते. तेही गेलं. आकड्याला त्याचं काय, खोडून काढणारा दाखलाही त्यात धरला जातो. घरी गेले तर बाबा साखर मागत होते, तोंड गोड करायला. मी चिमूटभर त्यांच्या जिभेवर ठेवली आणि नळ सोडून भांडी घासत बसले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबांनी उपचार सोडलेले नाहीत, उपचार संपलेत. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. आता औषधानं नुसता त्रास होईल, घरी न्या, दुखणार नाही एवढं आपण बघू, असं म्हणाल्या. काढ्याचंही मी विचारलं, तर दोन घोटांनी काही बिघडत नाही म्हणाल्या. बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. माझ्या तोंडाकडे बघून तेच म्हणाले, “बंद केलं ना? बरं झालं. आता तुझं औषध सुरू कर.” तेव्हापासून मी रोज सकाळी ती पानं उकळते. त्यात काही नाही हे माझ्याइतकं जगात कुणाला माहीत नसेल. रविवारी येऊन तू त्यांना स्पष्ट सांगणार आहेस म्हणालास. नको सांगूस. भांडायचं तर स्वयंपाकघरात माझ्याशी भांड, हळू आवाजात. ते तुलाही कपभर घ्यायला लावतील. फार कडू आहे, पण तोंड वाकडं न करता पी. आणि फोन पुढे करून आकडा दाखवतील तेव्हा नीट वाकून बघ आणि म्हण, “वाढलाय की, बाबा.” माझ्याच्यानं आता ते एकटीनं म्हणवत नाही.

तुझीच,
आई