काळी तीनपायी वाकलेली नेक

१६ एप्रिल
सगळं बदललं ते संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. मुडबीच्या विहारात प्रॅक्टिस चालू होती. प्रेरणानं वरचा सूर धरला. असा सूर धरताना तिच्या गळ्याची शीर तटतटते, मी तीच बघत होतो — आणि माझ्या बास गिटारची जाडी तार भर्र करून ओरडली! परवा जयंतीच्या गोंगाटात हे खपून गेलं होतं. आज नाही खपलं. प्रेरणा गाताना थांबली. कीबोर्डवरचा राजपाल हसला. त्याला बघून घेईन.

गायन पार्टी गुंडेराव काकांची. ते म्हणाले, “रत्न्या, आळंदचा पोर्णिमेचा कार्यक्रम पंधरा दिवसांवर आलाय. नीट कर. न्हाई तर राजपाल कीबोर्डवरच डाव्या हातानं बास वाजवील.”

म्हणजे मी बाहेर. ह्या पार्टीसाठी डिप्लोमा अर्ध्यात सोडला. पार्टी कुणासाठी धरून बसलो, ते इथंही लिहिणार नाही.

१७ एप्रिल
महिन्यापूर्वी तारा फ्रेटच्या आडव्या पट्ट्यांपासून फार वर आल्या होत्या, म्हणून मीच बुडाशी, ब्रिजवरून खाली घेतल्या. मूळ दुखणं तिथं नव्हतंच! आज पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरला, मधे बघितलं — तारेखालून चार लग्नपत्रिका एकावर एक जातील. नेक, म्हणजे गिटारीची मान, वाकलीय.

आई म्हणाली, “कॉलेज सोडलास गिटारीपायी. आता गिटारबी तुला सोडायलीय का?”

१८ एप्रिल
नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला चावीनं पाव फेरा दिला. सरळ! आवाज साफ!!

२० एप्रिल
परत वाकली. परत पाव फेरा.

२२ एप्रिल
परत! आता चावीच फिरेना. मोठा पाना घेऊन जोर लावणार होतो. आईनं हातातून ओढून घेतला.

२३ एप्रिल
कलबुर्गी. नागप्पा अण्णा पेट्या, गिटारी दुरुस्त करतात. त्यांनी चावीला हात लावला नाही. एकेक तार छेडून पेटीवर सूर शोधला.

“तम्मा, चारी तारा एक सूर वर कामून?”

सांगितलं. प्रेरणा काळी तीनमध्ये गाते, पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीवर. राजपाल बटण दाबतो, त्याचा सूर बदलतो. मला बटण नाही. म्हणून दीड वर्षापूर्वी, ती पार्टीत आली तेव्हा, मी तारा ताणून चढवल्या. तशाच ठेवल्या.

“रोज दारू पाजायलास, आन् वरून औषध द्यायलास. लिव्हर काय करंल?” अण्णा एवढे हसले की शेजारचा चहावाला डोकावला. “तारांच्या ताणानंच वाकलीय. तारा जागेवर आण. मग सळई ढिली कर. काळी तीन बोटानं वाजव की! बोटं कशाला दिलीत?”

२४ एप्रिल
तारा उतरवल्या. विहारात प्रेरणानं विचारलं, “झालं का नीट?” समोर राजपाल दात काढत होता. माझं डोकं फिरलं. “तुझ्या सुरापायी वाकलीय! तुझ्यापायी!”

तिनं माईक ठेवला, चप्पल घातली आणि ती निघून गेली.

गाढव आहे मी.

२५ एप्रिल
ती आली नाही.

२७ एप्रिल
सळई थोडी थोडी करत अर्धा फेरा ढिली केली. आता मधे एक पत्रिका जेमतेम जाते, अण्णांनी तेवढीच सांगितलेली. ब्रिज परत उचलला. भर्र गेलं! काळी तीन बोटांनी बसवतोय — न दाबता छेडायची उघडी तार ह्या सुरात जवळपास चालतच नाही, करंगळी सुजलीय. बसवणारच.

पण कुणासाठी? काका म्हणाले, “पोरीचा घसा बसलाय म्हणं.”

२९ एप्रिल
सकाळी प्रेरणा दारात. आवाज घोगरा, पण उठायलाय.

“मला काळी तीन कवाच झेपली न्हाई.”

“मग दीड वर्ष गायलीस कामून?”

“पहिल्या दिवशी राजपालचं बटण तिथं राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगणार, तर तू तारा चढवून बसलेला. एवढ्या हौसेनं! कसं सांगू?”

“तुझा सूर कुठला?”

“पांढरी तीन. एक सूर खाली.”

जाडी तार उघडीच छेडली. तोच सूर. ती त्यावर हळूच गुणगुणली. गळ्याची शीर दिसली नाही.

“परत वरडशील?”

“न्हाई.”

“बघू.”

ती फाटकाशी थांबलीय. पांढरी तीनचं काकांना दोघं मिळून सांगणार. बास पाठीला लावला. निघतो, दार ओढून घेतो.