पुढचे दोन टायर

ता. ६ जाने. १९४४. मु. धाड.

परमिट आलं. दोन टायर. लॉरीला सहा लागतात, पण लढाई चालू आहे, दोन तर दोन. अर्ज केला तेव्हा थोरला भाऊ, नाना, होता. नाना जाऊन आज सदतीस दिवस झाले. वरातीमागून घोडं. कागद घडी करून टोपीत ठेवला. काही वाटलं नाही.

लॉरी दारापुढं उभी आहे. नाना गेला त्या राजूरच्या घाटातून ओढून आणल्यावर मिस्त्रीनं पुढचा सांगाडा सरळ करून दिला. मी अजून आत बसलो नाही.

वहिनीनं विचारलं, "आलं का परमिट?" आलं म्हटलं. "मंग चांगले पाहून घ्या भाऊजी. आता माहा भाऊ चालवन गाडी. मले एकच भाऊ आहे." एवढं बोलून आत गेली. नाना गेल्यापासून तिचं सगळ्यात लांब बोलणं हेच.

ता. ७.

परमिटाच्या पाठीमागं छापलं आहे की जुने टायर जमा केल्याशिवाय नवे मिळणार नाहीत. म्हणजे तो पण न्यावा लागणार. गोठ्यात कडब्यामागं टाकला होता, आज बाहेर काढला. पुढचा डावा. फुटला तो हाच.

आत हात घातला. मोटेच्या कातड्याचं ठिगळ अजून जागेवर. मऊ. त्याच्याखालचं रबर अंगठ्याला गुळासारखं चिकटलं. बाकी सगळीकडं रबर टणक, खाली तेवढंच चिकट. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं नाही.

ठिगळ उपटून उकिरड्यात पुरलं. चोराच्या मनात चांदणं.

ता. ८.

जे आहे ते इथं तरी लिहून ठेवतो.

दसऱ्याच्या सुमारास दगडानं टायर कापला. नवा मिळेना. बाकीचे लॉरीवाले चिरेला आतून जुन्या टायरचा तुकडा लावतात. मी जुन्या मोटेचं कातडं लावलं, मोच्याकडून कडा पातळ करून घेऊन. विहिरीवरची मोट वर्षानुवर्षं पाणी ओढते, मग टायर का नाही ओढणार? बाजारात सगळ्यांनी येऊन पाहिलं. बापूनं डोकं लढवलं म्हणाले. मीही फुगलो होतो.

मोटेला तेल लागतं हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. तेलावाचून कातडं तडकतं. म्हणून दर पंधरवड्याला चाक खोलून ठिगळाला एरंडेल चोळायचो. नाना तेव्हा फेरीवरून येऊन पडलेला असायचा. एकदा उठून पाहिलं त्यानं. म्हणाला, "कर बाबू तुले काय करायचं ते. मोटेतलं तुलेच जास्त समजते."

तीन वेळा चोळलं. चौथ्या पंधरवड्याच्या आधी फुटला.

ता. ९.

गणपत आला, देऊळगाव राजाहून. वहिनीचा धाकटा भाऊ. चार वर्षं जालना लाईनीवर लॉरी हाकली आहे. हात चांगला आहे, बोलणं फार. आल्या आल्या गाडीखाली शिरला, खालूनच ओरडला, "बापूराव, गाडी मजबूत हाय. दाजीचं नशीब फुटकं, दुसरं काय!"

हो म्हटलं.

मला रडू येत नाही. तेराव्याला पण आलं नाही. मामा म्हणाले, धीराचा आहे पोरगा. धीर कसला, आत काही हलतच नाही. दात काढल्यावर गाल बधिर असतो तसं.

ता. ११.

गणपतबरोबर बुलढाण्याला. सर्व्हिस गाडीच्या टपावर आमचे दोन जुने टायर, एक फुटका, एक स्टेपनी.

टायरवाले अब्बासभाई साठीचे असतील. मेंदीची दाढी. जमा करायचा प्रत्येक टायर ते स्वतः तपासतात, मगच रजिस्टरात चढवतात. स्टेपनी पाहिली, ठेवली. फुटका घेतला, आत हात फिरवला, तो हात नाकाशी नेला.

"ये तो तेल पिया हुआ है. रबराला तेल म्हणजे जहर, भाई. ट्यूब पण आतून गळाली असणार. कोणी लावलं?"

ग. माझ्याकडं बघत होता.

मी म्हटलं, "भाऊ लावायचा. तो गेला."

अब्बासभाईंनी टायर खाली ठेवला. मग म्हणाले, "गेलेला माणूस. आता त्याला काय बोलायचं." रजिस्टरात चढवला. ग. बाहेर जाऊन पायरीवर बसला, पंच्यानं तोंड पुसत.

त्यांनी दोन तऱ्हेचे टायर दाखवले. निवड होईना. पुढल्या आठवड्यात येतो म्हणून निघालो. जिवंतपणी नानाच्या समोर असं बोलायची माझी छाती झाली नसती.

ता. १२.

काही नाही. तुरीच्या शेंगा आल्या. जेवलो.

ता. १४. संक्रांत.

घरात सुतक नाही, पण वर्षाचा सण नाही. शेजारच्या काकूंनी पोरीला, सुमीला, तिळगूळ दिला. नानाची सुमी, सहा वर्षांची. तिनं अर्धा मला आणून दिला. "गोड बोला काका." खाल्ला.

वहिनीला ग. नं सांगितलेलं दिसतं. ती माझ्याकडं बघत नाही. आधीही फारसं बघत नव्हती, पण हे वेगळं.

ता. १५. बाजार.

ग. नं लॉरीवाल्यांना गोळा करून सांगितलं. त्याच्या मनात पाप नाही, दुसऱ्या कोणाचा जीव जाऊ नये म्हणून सांगितलं. "आमच्या दाजीनं टायरला एरंडेल लावलं अन् जीव गमावला. तुम्ही कोनी लावू नका." दोघं तिथल्या तिथं चाकं खोलायला बसले. म्हणजे आणखी दोघं लावत होते. ठिगळ माझं पाहिलेलं, तेलाचं नानाकडून ऐकलेलं.

मी पलीकडं पोती मोजत उभा होतो. ती अकरा होती. दुसऱ्यांदा मोजली तरी अकराच.

ता. १९.

टायर आणले.

अब्बासभाईंनी समोर ठेवले ते असे. एक तर कोरे, लढाईतल्या नव्या बनावटीचे, चकाचक. दुसरे लढाईच्या आधीचे, आत कापडाचे दहा पदर, वर मुंबईहून नवा थर चढवलेला. ग. चा जीव कोऱ्यांवर. "नवं ते नवं, बापूराव. थर चढवलेला म्हंजे वाकळच की."

मी अब्बासभाईंना विचारलं, तुमचा पोरगा राजूरचा घाट उतरणार असता तर कोणते दिले असते? हसले नाहीत. लोखंडी कांब घेतली आणि थरवाले टायर एकेक करून सगळीकडून ठोकले. मडकं घेताना बायका वाजवून घेतात तसे. पदर सुटलेला असला की आवाज पोकळ येतो म्हणाले. चारातले दोन पोकळ निघाले, बाजूला केले. कोऱ्याबद्दल म्हणाले, "दिसायला नवरदेव. पण मालात असली रबर कमी. ओझं घेऊन घाट उतरला की तापतो. सपाटीला चालेल."

ठोकून राहिलेले दोन घेतले. आतून बाहेरून हात फिरवला, काठ वाकवून पाहिले, दिवा आत धरून धागे पाहिले. इतकं नाना असताना पाहिलं असतं तर. पण नाना असताना मी हुशार होतो.

घरी आल्यावर वाद. ग. म्हणतो मागं लावू, ओझं मागं असतं. सगळे तसंच करतात, चांगले मागं, रद्दड पुढं. आम्हीही तसंच केलं होतं. मी म्हटलं, मागचा फुटला तर गाडी बसते, पुढचा फुटला तर स्टेरिंग हातात राहत नाही. दोन्ही पुढं.

"हे तुमाला कसं ठाऊक?"

घाटात चाकांच्या खुणा पाहिल्या म्हटलं.

वहिनी दारात उभी राहून चाकं चढेस्तोवर बघत होती.

ता. २१.

ग. ची पहिली फेरी. कापूस, मलकापूरपर्यंत. पहाटेच गेला. वहिनीनं दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही. मी शेतात जाऊन आलो. शेतात काम नव्हतं.

दिवेलागणीआधी गाडी आली. ग. उतरताच मी पुढच्या दोन्ही टायरांवर तळवा ठेवला. कोमट. ग. हसला, "ताप नाही हो, डाक्टर." वहिनीनं भाकरी टाकायला घेतल्या. तेव्हा मी ओट्यावर बसलो. दिवा लागला तरी उठलो नाही.

ता. २२. बाजार.

लॉरीअड्ड्यावर नानाचं आता गाणं झालं आहे. एकानं चाक पुसायला तेलकट चिंधी घेतली तर दुसरा म्हणाला, "नाना होऊन राह्यला काय बे?" सगळे हसले. मी तिथं आहे हे पाहून थांबले. "बापू, तुमच्या भावाचं नाई म्हनत."

चौदा वर्षं लॉरी हाकली नानानं. नदीच्या पुरातून बाळंतीण पलीकडं नेली होती. ते कोणाच्या लक्षात नाही. तेल तेवढं राहिलं.

बोलायला पाहिजे होतं. जिभेपर्यंत आलं. घरी आलो.

ता. २४.

दुपारी ग. फेरीवर. सुमी शेजारी. मी ओट्यावर दोर वळत होतो. वहिनी सुपात ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवलं.

"भाऊजी, येरंडीचं तेल मी कोनाच्या हाती देत होती?"

दोर हातातच राहिला.

"तीन खेपा गडू भरून देल्ला. तुम्ही म्हटलं, वहिनी, टायरच्या कातड्याले पाह्यजे. हे तं पडून राहत होते बाजेवर. त्याईनं बोट तरी लावलं काय त्या तेलाले?"

नाही म्हटलं.

"मंग?"

मला माहीत नव्हतं वहिनी, असं म्हटलं. तेल वाईट असतं हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

"ते मले समजते. मले तरी कुठं माहीत होतं? देल्लं तं मीनंच ना! ते मी माह्या जिवाले लावून घेतलं, घेईन. पन दुकानदारानं पुसलं तवा तं तुमाले माहीत होतं कोनं लावलं ते."

लाज वाटली. इतके दिवस काहीच वाटत नव्हतं आणि आलं ते हे.

मी म्हटलं, गणपतला आज सांगतो. तिनं मान हलवली. "गणपतले सांगून काय? गणपतनं चार लोकात सांगतलं तं चार लोकात हसून राह्यले. उद्या सुमीले म्हनतीन, तुह्या बापानं आपल्या हातानं टायर नासवला. जिथं हसतात तिथं सांगा. बाजारात." मग सूप उचललं. पाखडता पाखडता म्हणाली, "तुमी सांगतलं तं मी घरात तसंच वागन तुमच्याशी. नाई सांगतलं तं मले वागता येनार नाई."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ता. २६.

ग. ला सांगू का नको, दोन वेळा तोंड उघडलं. तो थरवाल्या टायरांवर खूश आहे. म्हणतो, "बापूराव, निवड तुमचीच. तुमचं डोकं म्हंजे डोकं." बाजारात सांगितलं की हा गाडी सोडून जाईल. कदाचित नाही जाणार. बहिणीसाठी राहील, पण मला बापूराव म्हणणार नाही.

आणि जे दोघं माझं ठिगळ पाहून तेल लावत होते, ते काय म्हणतील. बापूनं डोकं लढवलं.

ता. २८.

ग. मलकापूरहून आला. टायर बरे. घाटात आज तो त्या जागी थांबला होता म्हणे, नारळ फोडला. विचारलं नाही कुठल्या जागी.

वहिनीनं जेवायला वाढलं. ताट सरकवून आत गेली.

ता. २९. बाजार. हॉटेलच्या बाकावर बसून.

ही वही पहिल्यांदाच घराबाहेर आणली. दुपार आहे. समोर लॉरीअड्डा. सात-आठ जण आहेत. ग. त्यांच्यात बसला आहे, पाठमोरा. कोणीतरी काहीतरी बोललं, हसले. नानाचं असेल, नसेलही.

आताच पाहिलं. वहिनी आली आहे. वर्ष व्हायचं आहे, तिनं बाजारात यायचं नाही, भाजीवाल्या बायका एकमेकींना खुणावत आहेत. लिंबाखाली उभी आहे, पदर कपाळापर्यंत. सुमी बोटाला धरलेली. बरोबर पिशवी नाही. काही घ्यायला ती आलेलीच नाही.

इकडं बघते आहे.

ग. नं पण तिला पाहिलं. उठला. "अक्का, तू इथं काहून?" असं विचारतो आहे. तिनं त्याला हातानं थांबवलं आणि बोट माझ्याकडं केलं. आता सगळेच इकडं बघत आहेत.

वही मिटतो आणि उठतो.