एक माप, एकच नाव

३ जून
आयुष्य बदललं ते आज सकाळी सव्वाअकराला. ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "हे तूच करशील." त्यातला 'च' मी नीट ऐकला. ती तलावावर पीएचडी करते, म्हणून मनात मी तिला तलाववाली म्हणतो. तोंडावर मॅडम.
काम: तलावाच्या अकरा वर्षांच्या मोजण्या. नोंदी संगणकात भरणारा माणूस बदलला की रकान्याचं नाव बदललंय. पाणी किती खोल, या एका मापाला सात नावं. प्रत्येक मापाला एकच नाव द्यायचं आणि शेजारच्या यादीत जुनं नाव, एकक, अर्थ लिहायचा. एकवीसला तिचा प्रबंध जमा होणार.
संकल्प: पाच दिवसांत संपवणे. दाढी रोज.

५ जून
यादी नंतर. आधी सगळं सारखं दिसलं पाहिजे. आई म्हणाली, कॉलेजही तू असंच 'नंतर'वर टाकलंस. आईला मेटाडेटा, म्हणजे माहितीबद्दलची माहिती, कळत नाही. शिवाय कॉलेज मी सोडलं ते प्राध्यापक चुकले म्हणून.

७ जून, दुपारी ४
सातही नावं उडवली. सगळीकडे एकच: 'डेप्थ_मीटर'. 'डेप्थ_फूट'पाशी क्षणभर थबकलो. पण एक अपवाद केला की शिस्त गेली. जुन्या फायली डिलीट. पसारा मला सहन होत नाही.

१० जून
ती धावतच आली. आलेख काढला तर पाणी छत्तीसवरून अकरावर. तलाव दोन तृतीयांश आटला आणि कुणाला पत्ता नाही. म्हणाली, तुझ्यामुळे दिसलं. बोलताना हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. खुर्चीच्या. तरी.
संकल्प: प्रबंध जमा झाला की विचारणे.

१३ जून
तिच्या गाइड सरांनी नावाड्याला बोलावलं. अकरा वर्षं पाण्यात दोर सोडून मोजतो तो. एवढं पाणी गेलं कुठे, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, मी तेव्हा जिथे बुडालो असतो, तिथे आजही बुडेन." मग सांगितलं की दोर दोन आहेत, एक फुटांचा, एक मीटरचा. आधीची वर्षं फुटांचा घ्यायचा, आता मीटरचा. वहीत लिहितो कुठला ते.
छत्तीस फूट म्हणजे अकरा मीटर. सरांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं.
नावाड्याने हे आधी सांगायला हवं होतं.

१४ जून
ती ओरडली नाही. जुनी नावं कुठे लिहिलीस, एवढंच विचारलं. मी म्हणालो, यादी नंतर करणार होतो.  तिने नावाड्याच्या मूळ वह्यांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला, खुर्ची माझ्याशेजारी ओढली आणि म्हणाली, "चल. दोघांनी रोज बसायचं. आठवड्यात होईल."
माझं डोकं फिरलं. म्हणालो, माझ्यावर लक्ष ठेवायला शेजारी कुणी बसायची गरज नाही. दुसरा माणूस बघा. ती म्हणाली, "अरे, बस ना." स्वाभिमान म्हणून काही असतो. उठलो.
दार आपटणार होतो. पण त्याला वर ते हळूहळू मिटवणारं यंत्र आहे. काचेतून दिसत होतं, तिने पहिली वही उघडली होती. शेजारची खुर्ची तशीच होती. दार काही मिटेना.
शेवटी मीच दोन्ही हातांनी रेटून लावलं.