उजवीकडे बसलेली गाडी

अप्पा,

गाडी शेवटी खाली बसवली. तुम्हाला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि घरात बोलायचा धंदा माझाच, म्हणून मी सांगते. तुमच्या धाकट्यानं पुढे आखूड स्प्रिंग घातले, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा बाक उतरवून घेतला, आणि आता आपली ती जुनी पांढरी मोटार शाहूपुरीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी उभी आहे, की चाक आणि मडगार्ड यांच्या मधे कुठल्याही बाजूला दोनच बोटं जातात. तुम्ही असता तर आधी खाली वाकून बोटं घालून बघितली असती आणि मग आम्हाला शिव्या घातल्या असत्या. टेप तुम्ही कधी लावली नाहीत. टेप लावायची ती शिंप्यानं, असं म्हणायचात. पण शिव्या घालण्याआधी हे कसं झालं ते ऐका. मी गावोगाव उभी राहून लोकांना सांगत आले, की मेलेला माणूस परत येत नाही, भूत आपल्या भीतीत असतं, डोकं वापरा. हे मी आजही सांगते आणि उद्याही सांगणार आहे. म्हणूनच बाकीचं फक्त तुम्हाला सांगता येतं.

शिरोलीच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये मी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन यायची. भट्टीत लाल केलेला पाटा ठोकून तुम्ही त्याला पुन्हा बाक द्यायचात, आणि तेलात बुडवल्यावर जो वास उठायचा, तो लग्नापासून अव्वा धुऊन धुऊन थकली तरी तुमच्या सदऱ्यातून गेला नाही. ट्रकवाले येत. त्यातला एकही कधी पाटा खराब झाला असं म्हणायचा नाही. तो म्हणायचा, मालक, गाडी मागनं बसलीया. आणि तुम्ही हातातलं काम न सोडता, चेहरा न हलवता विचारायचात, "कोण बसलंय?" सगळं वर्कशॉप हसायचं. रोज तोच विनोद, रोज तेच हसणं. मीसुद्धा हसायची. या प्रश्नाला एखादं उत्तर असू शकतं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

नव्वद सालाच्या पुढे हौशी पोरं यायला लागली. त्यांना गाडी जमिनीला टेकवायची असायची आणि तीही फुकटात, म्हणजे आहे तोच स्प्रिंग कापून. तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवायचात. कापलेला स्प्रिंग जागा धरत नाही, खड्ड्यात चाक खाली सुटलं की तो निसटतो, मग गाडी तुमचं ऐकत नाही, एवढं सांगायचात. खाली घ्यायची तर आखूड आणि कडक स्प्रिंग, त्याच्या जोडीचे आखूड शॉकअप, मागच्या पाट्यांचा बाक कमी, आणि मडगार्डची आतली कड वळवून घेतलेली. यातलं एक जरी सोडलं तरी नको. आणि कडक म्हणजे किती कडक, ते माझ्यावरून ठरलं होतं. कॉलेजात पहिल्यांदा मी वक्तृत्वाचा चषक जिंकला, तेव्हा तुम्ही तेलकट कपड्यांत शेवटच्या रांगेत बसला होतात. घरी येताना मी शाबासकीची वाट बघतेय, आणि तुम्ही मुद्दाम गाडी खड्ड्यात घातलीत. माझं डोकं टपाला लागलं. "लई कडक बोलतीस," तुम्ही म्हणालात. "ऐकणाऱ्याला दबायला जरा जागा ठेव की." त्या दिवशी मी रागानं जेवले नाही. पण आजही सभेत आवाज वर चढला की डोकं टपाला लागतं.

आणि मग ती दुपार. तुम्ही शिरोलीहून आलात, शेडमध्ये गाडी लावलीत, इंजिन बंद केलंत आणि उतरलाच नाहीत. अव्वा शेडमध्ये चहा घेऊन गेली, काचेतून काहीतरी बोलली, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. चहावर साय धरली तेव्हा तिनं मला हाक मारली. उजवा कोपर खिडकीबाहेर, खांदा दाराला टेकलेला, डोळे समोरच्या भिंतीवर. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, आडवंही करत नाहीत. बसवतात. तसंच मिरवत नेतात आणि तसंच मातीत ठेवतात. विधी करायला जंगम आले, तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, हे बसूनच गेलेत, आम्हाला काही काम ठेवलं नाही. तरी त्यांनी तुम्हाला सोप्यात भिंतीला टेकवून नीट बसवलं, विभूती लावली, पटका बांधला. थोड्या वेळानं तुम्ही उजवीकडे कललात. त्यांनी सरळ केलं. तुम्ही पुन्हा कललात. आपल्या कुरुंदवाडच्या शेतात, खड्ड्यात उतरवल्यावरही तेच. शेवटी अव्वा काठावरून म्हणाली, राहू दे, त्यांना असंच बसायची सवय आहे. माती पडायला लागली तेव्हा तुमचा उजवा खांदा बाजूच्या मातीला टेकला होता. मी बघत होते. मला अजून तो खांदा दिसतो.

वर्ष सरायच्या आत गाडी उजवीकडे बसली. पुढचं उजवं चाक, तुमची बाजू. तिथे दोन बोटं, बाकी तिन्हीकडे चार. यात नवल काय? जड माणूस वर्षानुवर्षं एकाच बाजूला बसला, स्प्रिंग थकला. मी हे अव्वाला समजावून सांगितलं, चांगलं, उदाहरणं देऊन. तिनं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की शेडमध्ये जाऊन डावीकडच्या सीटवर बसायला लागली. खिडकीतून तिचा आवाज यायचा, मध्येच कानडी, मध्येच मराठी. बाजारात काय मिळालं, धाकट्याला फौंड्रीत कुठली पाळी लागली, मी कुठल्या गावाला गेले. मध्ये मध्ये ती थांबायची. माणूस बोलताना थांबतो तशी नाही. दुसरा बोलतोय म्हणून थांबतो, तशी.

अशीच वर्षं गेली. नवं शतक लागलं. गाडी डावीकडे वळवली की उजवं चाक मडगार्डला घासायला लागलं, टायर कापला जायला लागला. धाकटा म्हणाला, अक्का, एक तर ही सरळ करू, नाहीतर भंगारात घालू, अव्वाला घेऊन कुरुंदवाडला जाताना टायर फुटला तर काय करायचं? भंगार हा शब्द अव्वानं ऐकला आणि ताटावरून उठली. म्हणून आम्ही तुमच्या हाताखाली शिकलेल्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं दोन्ही बाजूंना नवे स्प्रिंग घातले. गाडी सरळ झाली. दोन-चार दिवसांत ती उजवीकडे बसली. त्यानं चासी तपासली, स्प्रिंगची बैठक तपासली, हवा तपासली, मग उजवा स्प्रिंग डावीकडे आणि डावा उजवीकडे घातला. स्प्रिंग थकला असता तर आता गाडी डावीकडे झुकायला हवी होती. ती उजवीकडेच बसली. मिस्त्रीनं पाना हातात धरूनच वाकून चाकावर बोटं घालून बघितली. मग तुमचाच प्रश्न त्याच्या तोंडून निघून गेला, सवयीनं, हळू.

"कोण बसलंय?"

कुणी हसलं नाही. त्यानं पाना पुसला आणि म्हणाला, ही गाडी माझ्याच्यानं उचलायची न्हाई. मी त्याला फैलावर घेतलं. चासीला डोळ्यांना न दिसणारा पीळ असेल, नवा स्प्रिंग कमअस्सल असेल, तू तपासायचं सोडून घाबरतोस, असं मी सभेत बोलते तसं बोलले, शेडचा पत्रा दणाणला. माझं बोलून संपलं तेव्हा कळलं, की अव्वा गाडीतच बसलेली आहे. ती खिडकीतून माझ्याकडे बघत होती, आणि तिची नजर माझ्यावरून बाजूच्या रिकाम्या सीटवर गेली. नवरा जेवत असताना पोरांनी दंगा केला की बायका बघतात, तशी.

"बसलेल्या माणसाला ऊठ म्हणायचं न्हाई," ती म्हणाली. "इतक्या येळा त्याला उचलायलाय. त्यापरास तुम्हीच खाली बसा की."

आधी कुणाला समजलं नाही. मग धाकट्याच्या लक्षात आलं. इतके दिवस आम्ही एक बाजू वर काढायला बघत होतो, ती म्हणत होती बाकीच्या तीन बाजू खाली आणा. वडीलधारं माणूस बसलं की घरात कुणी उभं राहत नाही, एवढा साधा रिवाज. बाकी सगळं तुम्ही सांगायचात तसं केलं. धाकट्याचे मित्र स्प्रिंग कापा म्हणाले, त्यानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. आखूड स्प्रिंग, जोडीचे शॉकअप, पाट्यांचा बाक उतरवलेला, मडगार्डची कड आत वळवलेली. किती कडक, यावर तो आणि मिस्त्री भांडले. मी म्हटलं, दबायला जरा जागा ठेवा. दोघांनी चमकून माझ्याकडे बघितलं.

काम झालं आणि आम्ही वाट बघायला लागलो. आठवडे गेले. गाडी उजवीकडे बसली नाही. बसली ती सगळीकडून सारखी, जशी ठेवली तशी. टायर घासत नाही. अव्वा कुरुंदवाडला जाऊन आली, तुमच्या समाधीवर बेल वाहून आली, आणि परत आल्यावर शेडमध्येच डुलकी काढली. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण आहे. कडक स्प्रिंग चासीचा पीळ झाकतो, तिरपेपणा दिसत नाही. कुणीही विचारलं तर मी हेच सांगेन, आणि हे खरं आहे.

फक्त एक गोष्ट. मागच्या आठवड्यात मी सभेला निघाले, चालवायला बसले, तेव्हा मिस्त्री दारात उभा होता. काही विसरलं म्हणून मी उतरले, पुन्हा बसले. त्यानं खाली वाकून चाकाकडे बघितलं. माणूस बसलं की गाडी बोटभर तरी दबते, उतरलं की उचलते, मग स्प्रिंग कितीही कडक असो. त्यानं मला पुन्हा उतरायला लावलं, पुन्हा बसायला लावलं. मग उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, तुम्ही बसलासा तरी दबंना, उतरलासा तरी उचलंना." मी म्हटलं, माझं वजन किती असं. तो म्हणाला, व्हय. आणि निघून गेला.

त्या दिवशी सभेत मी भुताखेतांवर बोलले. चांगलं बोलले, टाळ्या पडल्या. सभेला निघताना गाडीचं दार उघडल्यावर मी काय केलं ते तिथे कुणाला माहीत नव्हतं. आता रोजच करते. बसायच्या आधी म्हणते, अप्पा, सरा जरा.

हे पत्र लिहून झाल्यावर गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवावं असं मनात आलं होतं. दुसरीकडे कुठे पाठवणार? कप्पा उघडलासुद्धा. पण ठेवणार नाही. उद्या सकाळी ते तिथे नसलं, तर मला पुन्हा कुठल्या सभेत उभं राहता येणार नाही, याची मला भीती वाटते.