तिसरं इंजिन

३ नोव्हेंबर

मिलिंदमामाच्या मोज्यांत फ्रोझन मटार भरले. पाय घातला आणि काय किंचाळला! आई म्हणाली, "वीस वर्षांची घोडी झालीस, उर्वी." आजोबा खुर्चीत खुदुखुदु हसत होते. या घरात माझी बाजू घेणारा एवढा एकच माणूस. आणि डॉक्टर म्हणाली, त्यांना ख्रिसमस दिसला तर दिसला.

५ नोव्हेंबर

आजोबांचं परत तेच — फोटो. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलाय. पिवळट. मागे विमान, पुढे मुंगीएवढी आठ माणसं. त्यातला एक त्यांचा बाप, मुकिंदा. कोणता ते आजोबांनाही माहीत नाही. १९३३ साली इराकात बसऱ्याला गेला, हमाल म्हणून — इंग्रज फौजेचं सामान विमानात चढवायला. आजोबा तेव्हा पोटात. मुकिंदा परत आलाच नाही. चिठ्ठी नाही, काही नाही.

"तीन इंजिनांचं होतं, पोरी. दोन पंखांना, आणि तिसरं—"

"तिसरं डिकीत, स्पेअर!"

"गप, मूर्खे." पण हसले. मग खोकला. थांबेचना.

११ नोव्हेंबर

जुन्या सरकारी कागदांच्या अर्काइव्हजची मेल आली. आजोबांना आता दिसत नाही, म्हणून मीच वाचते. चाळीस वर्षं आजोबा लिहितायत त्या लोकांना! उत्तर काय, तर विमानाचा लॉग आहे. पायलटचं नाव आहे. तिन्ही इंजिनांचे नंबर आहेत. लोकल लेबरची नावं लिहून ठेवत नसत. काइंड रिगार्ड्स.

इंजिनाला नंबर. पणजोबाला काहीच नाही.

मीपण तेच काम करते की. हिथ्रोजवळ कार्गो शेडमध्ये मालाची पॅलेट ढकलते. मला निदान नावाचा बॅज आहे. स्पेलिंग चुकलंय, पण आहे.

आजोबांना म्हटलं, अजून आली नाही.

१४ नोव्हेंबर

"आली का गं मेल?" आज चार वेळा. चौथ्यांदा तोंडातून निघून गेलं — "आली! पत्र सापडलाय! पणजोबाचा!"

"सापडलंय. पणजोबाचं," आजोबा म्हणाले. माझं मराठी सुधारतायत, आणि माझं मनगट सोडत नाहीत.

मेले आता.

१५ नोव्हेंबर

ब्रेकमध्ये पॅलेटच्या लेबलामागे पत्र लिहिलं. शाळेत मॅथ्सच्या जीसीएसई परीक्षेत दोनदा उडाले, पण थापांत ए-स्टार! घरी येऊन वाचून दाखवलं, एकदम सिरियस आवाजात:

"मुलगा झाला तर नाव बबन ठेवा. आज विमानाचं नाक उघडलं आणि आम्ही आठ जणांनी सगळा माल आत ढकलला. शिफ्ट संपल्यावर—"

"शिफ्ट?"

"पाळी! पाळी म्हटलं मी."

"हं. आणि नाक उघडलं?"

"हो ना. असं वर जातं अख्खं." आमच्या शेडवर येतात ना मोठी मालवाहू विमानं, तसं हाताने करून दाखवलं. त्यांना दिसत नाही हे विसरूनच गेले.

आजोबा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी. खूप वेळ. मग म्हणाले, "परत वाच. नाकापासून."

१९ नोव्हेंबर

रोज वाचायला लावतात. रोज नाकापासून! आज मसाला वाढवला — नाकातून अख्खी बैलगाडी आत गेली, बैलांसकट. हसून हसून पुन्हा खोकला. आई दारातून बघत होती. नंतर किचनमध्ये म्हणाली, "पुरे कर आता."

दोन चमचे पेजसुद्धा जात नाही त्यांना. मरणाऱ्या माणसाला बनवतेय मी. आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रँक, आणि सांगायला कुणी नाही. सांगितलं असतं ते आजोबांनाच.

२२ नोव्हेंबर

आज फक्त त्यांच्या नावाची ओळ वाचायला सांगितली. "मुलगा झाला तर नाव बबन ठेवा." डोळे मिटलेले. हसले नाहीत.

२३ नोव्हेंबर

वाचलं. ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

२४ नोव्हेंबर

गेले. सकाळी सव्वासहाला. मी तेव्हा पॅलेट ढकलत होते.

३० नोव्हेंबर

आजोबांच्या बुद्धवंदनेला साउथॉलहूनही माणसं आली. सगळे सांगत होते, बबनदादांना शेवटी वडिलांचं पत्र मिळालं, समाधानाने गेले. मी समोशांच्या ताटात बघत बसले.

सगळे गेल्यावर आई म्हणाली, "तुला सांगू नको म्हणाले होते."

"काय?"

"'पत्र पोरीनंच लिहिलंय,' म्हणाले. 'नाकात तर इंजिन होतं, ते उघडेल कसं? पण बोलू नकोस. चांगलं वाचते.'"

१ डिसेंबर

फोटो उतरवून काच पुसली. विमानाच्या नाकावर पंखा. ढळढळीत! रोज त्याच्यासमोर बसून टोस्ट खाते मी.

म्हाताऱ्याने मला बनवलं.