बॉल कुठं पडला?

पुणे,
१७ जानेवारी २०२५

तीर्थरूप कानिफकाकांना,

पंकजाचा वाकून नमस्कार. रतनकाकूंच्या गुडघ्यांची चौकशी आधी, बाकी सगळं नंतर.

मी बरी आहे. खोलीत आम्ही तिघी आहोत. भाजी इथे गोड करतात, त्यामुळे काकूंनी दिलेली चटणी आता संपत आली. गोल्फच्या मैदानावर सगळीकडे मऊ हिरवळ. आपल्या भिंगारच्या कडक जमिनीवर बॉल उसळून पुढे जायचा, इथे पडतो तिथेच बसतो. सुरुवातीला माझा प्रत्येक फटका कमी पडला, मग सवय झाली. खेळण्याची परीक्षा पास झाले. आता कोर्समध्ये शिकवायचं कसं ते शिकतोय. मुलगा दहा ठिकाणी चुकला तरी त्याला एका वेळी एकच चूक सांगायची, वगैरे. हे मी तुमच्याकडे बघूनच शिकले होते, त्यामुळे वर्गात फार शहाणी ठरते.

ही सगळी टाळाटाळ चालली आहे, तुमच्या लक्षात आलं असेलच.

परवा इथले मुख्य प्रशिक्षक रंगनाथ सर माझी स्टिकवरची ग्रिप बघत होते. म्हणाले, "कुणी बसवली? इतकी पक्की ग्रिप फार कमी जणांची असते." मी अभिमानाने तुमचं नाव सांगितलं. ते थबकलेच. "म्हणजे भिंगारच्या स्पर्धेत पाहिलेली मुलगी तूच? अगं, मागची दोन्ही वर्षं या कोर्सला तुझ्यासाठी जागा ठेवली होती. मी स्वतः फोन केला होता. कानिफनाथ म्हणाले, पोरीचं लग्न ठरलंय, खेळ सोडतेय ती."

काका, माझं लग्न कधी ठरलं? निदान आई-दादांना तरी कळवायचं. ते कोपरगावकडे ऊसतोडीला गेले होते, मी तुमच्या घरात, काकूंच्या हातचं जेवत होते, आणि तुम्ही फोनवर माझं लग्न लावून मोकळे झालात. वर मला काय ऐकवत होतात? "पंकजे, तुजी ग्रिप अजून बसली न्हाई. पुढल्या वर्षी बघू. घाई करू नगं." मी वेडी, तळहात सोलून निघेपर्यंत फटके मारत राहिले. यंदा तुमचं न ऐकता अर्ज भरला, म्हणून तरी इथे पोचले.

त्या दिवशी माझा एकही बॉल सरळ गेला नाही.

तुम्ही असं का केलंत ते मला माहीत आहे. तुम्हाला धड दिसत नाही, काका. पूर्वी तुम्ही हळूच विचारायचात, "कुठं पडला गं?" मग तुम्ही विचारायच्या आतच मी ओरडायला लागले, "डावीकडं, बाभळीच्या अलीकडं!" मुलांना वाटायचं, शिकवायची पद्धतच अशी असते. फटक्याचा आवाज ऐकून तुम्ही चूक सांगायची आणि बॉल कुठे गेला ते मी. कुणाला संशय आला नाही, कारण मी येऊ दिला नाही. तुमचं काम जाईल म्हणून काकूंसमोरसुद्धा कधी अवाक्षर काढलं नाही.

मी गेले तर सगळं उघडं पडेल, हीच भीती होती ना? मग तसं सांगायचं. "पोरी, मला दिसत न्हाई, थांब," एवढंच म्हणाला असतात तर मी थांबले असते. खुशीने थांबले असते. पण तुम्ही मागितलं नाहीत, माझ्यात खोट काढलीत. शिकवणाऱ्याने असं करायचं नसतं हो! मी माझ्या हातांवर विश्वास ठेवायचं सोडून दिलं होतं. ही फसवणूक आहे, आणि ती तुम्ही केलीत हे मला अजून खरं वाटत नाही.

परत ये, असा निरोप तुम्ही पाठवला. मी येणार नाही. कोर्स संपला की इथेच शिकवणार आहे.

हे फोनवरही सांगता आलं असतं. मुद्दाम कागदावर, बारीक अक्षरात लिहिलं. तुम्हाला ते वाचता येणार नाही, कुणाला तरी "वाचून दाखव" म्हणावंच लागेल. मला म्हणाला नाहीत, आता काकूंना म्हणा.

काकू, इथवर वाचत आला असाल तर रडू नका. त्यांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. पोरीला काय कळतंय, असं म्हणून हात झटकतील, तरी सोडू नका. आणि त्यांच्यावर रागावू नका, ते काम सध्या मी करते आहे.

तुमची विद्यार्थिनी असं लिहायला हात धजत नाही, म्हणून आज नुसतीच,

पंकजा